कचरागाडीसाठी महिन्याला अजून किती द्याल? भाचीच्या प्रोजेक्टसाठी मतं हवीत

राजेंद्रनगरची_मावशी

नमस्कार मंडळी. माझी भाची इथे इंदूरलाच इकॉनॉमिक्समध्ये एमए करतेय, शेवटच्या सेमिस्टरला तिने प्रोजेक्ट घेतलाय की कचरा उचलायची सोय आणखी चांगली झाली तर लोक महिन्याला किती जास्त पैसे द्यायला तयार आहेत. प्रश्नावली छापायच्या आधी आपल्या लोकांना दाखवावी म्हणून हा धागा काढतेय, ती पण इथे आहे, उत्तरं देईल.

मसुद्यातला मुख्य प्रश्न असा आहे: "शहरातील कचरा संकलन सेवा सुधारण्यासाठी आपण दरमहा जास्तीत जास्त किती रक्कम द्याल?" मी भिशीत हा प्रश्न सहज टाकून बघितला. एकीने ताबडतोब सांगितलं शून्य, संपत्तिकर भरतो ना आम्ही. दुसरी म्हणाली गाडी तर रोज येते, अजून काय सुधारायचं बाकी आहे ते आधी सांग. आणि दोघीतिघींनी मुलीचं मन राखायला म्हणून आकडा सांगितला, तो पण एकीचा ऐकून दुसरीने.

माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे. लोक आधी पैसे देत नाहीत, आधी गाडी बघतात. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात आपण २५ वे होतो आणि २०१७ ला पहिले, त्या मधल्या काळात काय झालं ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय, आधी दोनच वॉर्डांत दारोदार गाडी फिरवून बघितली आणि मग सगळ्या ८५ वॉर्डांत, कोपऱ्या-कोपऱ्यावरच्या कचरापेट्या उचलल्या. रोज ठरल्या वेळेला गाणं वाजत गाडी यायला लागली तेव्हाच लोकांचा हात खिशाकडे गेला. म्हणून "किती द्याल" विचारायच्या आधी "कशावर भरवसा ठेवून द्याल" हे विचारायला हवं असं मला वाटतं. तुमचं काय?

रामबागकर

मावशी, एक गोष्ट जोडतो. गाडी यायच्या आधी लोक पैसे देत नव्हते असं नाही हां. आमच्या गल्लीत एक बाई यायची टोपली घेऊन, घरोघरी महिन्याचे पैसे तिच्या हातात, दिवाळीला फराळ आणि साडी वेगळी. कुणी कधी कुरकुर केली नाही. पण ती कचरा न्यायची कुठे तर नाक्यावरच्या उकिरड्यावर, तिथे गायी आणि डुकरं, पावसाळ्यात तर नाक दाबून जावं लागायचं. म्हंजे आपण पैसे देत होतो ते कचरा माझ्या घरातून बाहेर जाण्याचे. पुढे त्याचं काय होतं त्याचे पैसे कोणीच देत नव्हतं, आणि ते भोगत होते देवगुराडियाकडचे लोक, तिथल्या ट्रेंचिंग ग्राउंडला (शहराचा कचरा टाकायची जागा) आग लागली की धूर त्यांच्या घरात.

तर भाचीबाईंनी हे दोन वेगळे प्रश्न करावेत. दारातून उचलण्याचे किती आणि उचललेल्याची नीट विल्हेवाट लावण्याचे किती. पहिल्याला सगळे हो म्हणतील. खरी परीक्षा दुसऱ्यात आहे.

अर्थशास्त्र_शिकतेय

रामबागकर काका हे खूपच उपयोगी आहे, लिहून घेतलं. मावशीने लिहिलं ते ऐकून ऐकून आकडा सांगणं, ते आमच्या अभ्यासातपण मोठी अडचण मानतात. ही पद्धत अशी की बाजारात ज्या गोष्टीची किंमत नसते (स्वच्छ हवा, नदी, दुर्गंधी नसलेली गल्ली) तिची किंमत लोकांनाच विचारायची. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातलं तेल समुद्रात सांडलं तेव्हा नुकसान किती धरायचं यावरून मोठा वाद झाला, मग १९९३ मध्ये अर्थशास्त्रज्ञांच्या समितीने नियम सांगितले, केनेथ अॅरो आणि रॉबर्ट सोलो दोघं नोबेलवाले त्यात होते. त्यांचं म्हणणं होतं की किती द्याल असं मोकळं विचारू नका, एक रक्कम सांगा आणि एवढे द्याल का, हो की नाही, इतकंच विचारा, कारण बाजारात पण आपण तसंच ठरवतो, भाजीवाला भाव सांगतो आणि आपण घेतो किंवा पुढे जातो. वेगवेगळ्या घरांना वेगवेगळी रक्कम सांगायची, कुणाला कोणती ते चिठ्ठी काढून, आणि मग कुठल्या रकमेला किती घरं हो म्हणतात ते बघायचं. शिवाय त्या माणसाला आठवण करून द्यायची की हे पैसे तुमच्या दुसऱ्या कुठल्यातरी खर्चातून जाणार आहेत.

निवृत्त_बँकवाला

पद्धत वगैरे ठीक आहे, पण मुळात हा प्रश्नच का विचारायचा? सफाई हे नगरपालिकेचं पहिलं काम आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, त्यात घनकचरा व्यवस्थापन स्वच्छ लिहिलेलं आहे. आम्ही संपत्तिकर भरतो, जलकर भरतो, वर परत कचऱ्याचे वेगळे. तुमच्या भिशीतल्या त्या बाई शून्य म्हणाल्या ते अगदी बरोबर म्हणाल्या आणि त्यांचं शून्य शून्यच लिहा.

अर्थशास्त्र_शिकतेय

काका, तसं लिहिलं तर उलट त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना स्वच्छतेची किंमत शून्य वाटते असं त्या म्हणत नाहीयेत, पैसे ह्या मार्गाने घेऊ नका असं म्हणतायत. म्हणून शून्य सांगणाऱ्या प्रत्येकाला पुढचा प्रश्न: का? परवडत नाही, गरज वाटत नाही, की हे कराच्या पैशातून व्हावं असं वाटतं. तिसरं उत्तर देणाऱ्यांची मोजणी वेगळी ठेवायची.

सुदामानगर_वहिनी

मला एक सांगा, घरात विचारणार कोणाला?

मुलगी रविवारी दुपारी बेल वाजवणार, दार उघडणार आमचे हे. त्यांना विचारलं की किती द्याल तर ते निगमच्या बजेटपासून सुरू करतील. आणि सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की दोन डबे घेऊन पळणार कोण तर मी किंवा सासूबाई. ओल्या डब्याला खाली कागद लावायचा, उन्हाळ्यात आंब्याच्या साली-कोयी एक दिवस राहिल्या की चिलटं, सासूबाईंचे डायपर वेगळ्या पुडक्यात, संपलेले सेल आणि औषधाच्या बाटल्या अजून वेगळ्या. एकदा ओल्यात चुकून पन्नी (प्लास्टिकची पिशवी) गेली तर गाडीवरच्या मुलाने डबा तसाच परत दिला, काकू आधी हे काढा म्हणाला, आणि मी तिथेच रस्त्यावर उभं राहून काढली, त्याचं काही चुकलं नव्हतं.

तर ह्या गाडीची वेळ अर्धा तास जरी बदलली तरी माझा सगळा दिवस बदलतो, आणि ते आमच्या ह्यांना माहीतपण नाही. मला कोणी विचारलं की गाडी रोज बरोबर सव्वासातलाच येईल त्याचे किती द्याल, तर मी ताबडतोब आकडा सांगीन. पण बिल माझ्या हातात नाही. मला वाटतं प्रत्येक घरातून जो डबा घेऊन बाहेर येतो त्याला विचारा, आणि जो बिल भरतो त्यालापण विचारा, दोघांना वेगवेगळं. एकमेकांसमोर नको.

राजेंद्रनगरची_मावशी

वहिनी, अगदी मनातलं बोललात. आणि ज्या घरी हे काम मोलकरणीकडे आहे तिथे तर घरातल्या कुणालाच माहीत नसतं गाडीत किती खाने असतात ते.

लष्करकर

ग्वाल्हेरहून लिहितोय. तुमचा सर्वे इंदूरचा आहे पण एक मुद्दा जुन्या वस्त्यांना सगळीकडे लागू पडतो. आमचा लष्करमधला वाडा आजोबांच्या वेळचा, नळाचं कनेक्शन एक, संपत्तिकराचं खातं एक, चुली चार. दोन भाऊ, एक चुलत घर आणि मागच्या बाजूला भाडेकरू. कचऱ्याचं शुल्क घरामागे म्हटलं तर घर म्हणजे काय धरणार? खात्यामागे एक बिल आलं तर ते चौघांत वाटायला बसावं लागतं आणि भाडेकरू म्हणतो मी तर एकटा माणूस, माझा कचरा तो किती. चुलीमागे घेतलं तर ज्या वाड्याने एकच रक्कम भरली असती तो चौपट भरणार. प्रश्नावलीत पहिल्या पानावर चुली किती हे विचारून घ्या, नाहीतर पुढची सगळी बेरीज चुकेल.

पलासियाकर

भाडेकरूंचं बरं आठवण दिली. भंवरकुआंकडे कोचिंगच्या मुलांच्या खोल्या बघा, एकेका इमारतीत किती पोरं राहतात आणि रोज बाहेरून मागवलेल्या जेवणाचे डबे, सांडलेली ग्रेव्ही सुक्या कचऱ्यात. संपत्तिकर मालक भरतो, कचरा मुलं करतात. म्हणून बँकवाले काकांचं म्हणणं मला पटत नाही, नुसत्या करातून घ्यायचं म्हटलं तर कचरा करणारा आणि पैसे देणारा वेगवेगळे राहतात. २०१६ च्या घनकचरा नियमांतपण कचरा करणाऱ्या प्रत्येकाने स्थानिक उपविधीप्रमाणे शुल्क द्यावं असंच लिहिलं होतं, मालकानेच द्यावं असं नाही.

निवृत्त_बँकवाला

नियम मला माहीत आहेत. माझी हरकत अशी की शुल्क एकदा सुरू झालं की वाढतच जातं, आणि त्या पैशाचं काय झालं ते कोणी दारात येऊन सांगत नाही. वॉर्डात किती जमा झाले, गाडीच्या डिझेलला किती, माणसांच्या पगाराला किती, एवढं जरी दर तीन महिन्यांनी वॉर्डाच्या ऑफिसबाहेर फळ्यावर लिहिलं तरी मी आजच्या दीडपट द्यायला तयार होईन. हे पण विचारा तिला. हिशोब दाखवला तर द्याल का.

अर्थशास्त्र_शिकतेय

काका हे घेते. अर्ध्या घरांना हिशोबाचं वाक्य घालून विचारायचं आणि अर्ध्यांना न घालता, फरक लगेच दिसेल.

बडोदेकर_पूर्वीचे_इंदुरी

मी बडोद्याला नोकरीनिमित्त आलो ते इथलाच झालो. १९९४ चा सप्टेंबर इथल्या जुन्या लोकांना अजून आठवतो, सुरतला प्लेग आला आणि भीतीने लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाले. त्याआधी सुरतची घाण सगळ्यांना दिसत होती. मग १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त झाले आणि दीडदोन वर्षांत शहराचं रूप पालटलं, आणि बघा २०२३ च्या सर्वेक्षणात सुरत आणि इंदूर दोघं मिळून पहिले. मला म्हणायचंय ते हे की १९९४ ला सुरतेत कुणाला विचारलं असतं किती द्याल तर त्याने घर गहाण ठेवलं असतं. माणसाची तयारी भीतीप्रमाणे वरखाली होते. आज इंदूरच्या शाळकरी मुलाला कचरापेटीबाहेर सांडलेला ढीग आठवतच नसेल, त्याला हे सगळं आपोआप होतं असं वाटतं. वय जरूर लिहून घ्या, २०१६ च्या आधी शहरात होता का तेपण.

बायपास_टाउनशिप

आमच्याकडे प्रश्नच वेगळा. कचऱ्याचे पैसे मेंटेनन्समध्येच जातात, किती जातात ते कमिटीच्या दोघातिघांना सोडून कुणाला माहीत नाही. ५००० चौरस मीटरच्या वरच्या सोसायटीने ओल्या कचऱ्याची शक्य तेवढी सोय आवारातच करावी असं २०१६ च्या नियमांत होतं, म्हणून आमच्या बिल्डरने खताचं मशीन बसवून दिलं, पहिल्या वर्षी चाललं, मग वास येतो म्हणून दोन इमारतींनी तक्रार केली, वीजबिलावरून भांडण झालं आणि आता ते ताडपत्रीखाली आहे. लोक म्हणतात गाडी नेतेच आहे मग मशीन कशाला. ज्याला आजची किंमत माहीत नाही तो जास्त किती देईल ह्याचं उत्तर काय देणार? टाउनशिपवाल्यांना आधी सांगावं लागेल की तुम्ही आत्ता एवढे देताय.

पुणे_आणि_इंदूर

सासर पुणे माहेर इंदूर. पुण्यात स्वच्छ नावाची कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, तिथे ती ताई दर महिन्याला स्वतः दारात येऊन पैसे घेते, तेच तिचं उत्पन्न, शिवाय सुका माल विकून मिळतं ते. आमच्या इमारतीत कोणी दोन महिने दिले नाहीत तर बाकीच्यांनाच लाज वाटते कारण ती समोर उभी असते, तिच्या मुलीची दहावी कधी आहे हे सगळ्यांना माहीत. पण उलट बाजूपण बघा, ज्याला द्यायचे नसतात तो तिच्याशीच वाद घालतो, पगाराचा तगादा तिलाच लावावा लागतो. इंदूरला गाडीवरच्या सफाईमित्राला घराघरांत पैसे मागावे लागत नाहीत ते मला जास्त माणुसकीचं वाटतं.

तुमच्या प्रश्नावलीत एक पर्याय हवा: जास्तीचे पैसे थेट सफाईमित्रांच्या पगारात, हातमोज्यांत आणि दवाखान्यात जाणार असतील तर द्याल का. मला खात्री आहे ह्याला सगळ्यात जास्त हो येतील. रंगपंचमीची गेर (रंगाची मिरवणूक) संपली की राजवाड्याच्या रस्त्यांवर रंगाचा चिखल असतो आणि काही तासांत रस्ते धुवून मोकळे, ते काम करणारी माणसं आपल्या सणाच्या दिवशीच राबत असतात. त्यांच्यासाठी द्यायला कोणाची ना असणार?

पलासियाकर

तैपेईचं मॉडेल कोणी ऐकलंय का? तिथे २००० सालापासून ठराविक पिशवीच विकत घ्यावी लागते, तिच्या किमतीतच कचऱ्याचं शुल्क, जितका कचरा तितक्या पिशव्या. रीसायकलचा माल वेगळा दिला तर त्याला पैसे नाहीत. गाडी संगीत वाजवत येते आणि लोक पिशवी घेऊन खाली उतरतात, आपल्यासारखंच. आपल्याकडे घरात दोन म्हाताऱ्यांचा कचरा आणि आठ जणांचा कचरा ह्याला एकच दर, हे चुकीचं आहे.

रामबागकर

पलासियाकर, तत्त्व बरोबर पण आपल्याकडे पिशवीमागे पैसे लावले तर पहिल्या आठवड्यात पन्न्या कान्ह आणि सरस्वती नद्यांच्या काठाला दिसतील. किती मुश्किलीने त्यांत पडणारे नाले बंद केले, २०२१ ला वॉटर प्लसचा (सांडपाण्याच्या नीट व्यवस्थेसाठीचा) मान मिळवणारं देशातलं पहिलं शहर झालो. टाकायला पैसे पडत नाहीत म्हणूनच लोक गाडीत टाकतात. कचऱ्याची गंमत अशी की शेजाऱ्याने नाही भरलं तर त्याचा वास माझ्या घरी येतो, म्हणून हे ज्याला हवं त्याने घ्यावं असं केबलसारखं करताच येत नाही.

बस्तीत_शिकवते

मी संध्याकाळी एका बस्तीत मुलांना शिकवते, तिथलं सांगते. तिथे टिपर (कचरागाडी) आत जात नाही इतकी गल्ली अरुंद, बायका डबे घेऊन मुख्य रस्त्यापर्यंत येतात. त्यातल्या बऱ्याच जणी सहा-साडेसहालाच दुसऱ्यांच्या घरी कामाला निघतात, आणि गंमत बघा तिथे जाऊन त्या दुसऱ्यांचा कचरा गाडीत टाकतात, स्वतःचा घरी तसाच. त्यांना विचारलं तर रक्कम कमीच सांगणार, दहा-वीस रुपये. त्याचा अर्थ त्यांना स्वच्छता कमी हवी असा काढाल तर फार मोठी चूक होईल. डेंग्यू झाला तर त्यांची आठवड्याची मजुरी जाते, तुमची आमची फक्त रजा जाते. मिळकतीच्या हिशोबात ते दहा रुपये टाउनशिपच्या शंभरांपेक्षा मोठे आहेत.

आणि हात जोडून सांगते, रिपोर्टमध्ये असं येऊ देऊ नका की जास्त पैसे द्यायची तयारी जिथे तिथे जास्त चांगली सेवा द्यावी. कोणीतरी ते वाचून तसंच करेल.

अर्थशास्त्र_शिकतेय

ताई, रक्कम मिळकतीच्या प्रमाणात मांडीन, आणि शेवटचं वाक्य माझ्या गाइड मॅडमनापण दाखवते. बस्तीत पैशाऐवजी वेळ विचारला तर? संध्याकाळची एक फेरी झाली तर रोज किती मिनिटं चालत जायला तयार आहात असं?

बस्तीत_शिकवते

हो, ते त्यांना लगेच कळेल. संध्याकाळी सातनंतरची फेरी म्हणा.

राजेंद्रनगरची_मावशी

वेळेवरून मला जे कधीपासून म्हणायचं होतं ते आलं. देवगुराडियाला २०२२ च्या फेब्रुवारीत बायो-सीएनजीचा प्लांट सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा घ्यायची क्षमता आणि त्यातून जवळपास १७,००० किलो गॅस, आपल्या सिटी बस त्यावर चालतात. जिथे कचऱ्याचा डोंगर होता तिथे आज झाडं आहेत. हा प्लांट चालतो तो कशावर? ओल्यात काच, पन्नी, चिंध्या नसतील तरच. ते वेगळं करतं कोण, तर सुदामानगरच्या वहिनी रस्त्यावर उभं राहून. ती मेहनत कुठल्या बिलात दिसत नाही. महिन्याचं शुल्क तर आहेच, आणि त्याच्यावर रोजची ही दहा मिनिटं. म्हणून कुणी म्हटलं ना की लोकांची पैसे द्यायची तयारी कमी आहे, तर मला राग येतो. लोक आधीच देतायत, हाताने देतायत.

तर प्रश्नावलीत एक विभाग ह्याचा हवाच. आणि एक थेट विचारा: जे घर वर्षभर नीट वेगळा करून देतं त्याला शुल्कात सूट द्यावी का, आणि ती सूट भरून काढायला न करणाऱ्याने जास्त द्यावं का.

निवृत्त_बँकवाला

सूट द्यायची तर तपासणार कोण? गाडीवरच्या मुलाच्या हातात सूट दिली की ओळखीपाळखी सुरू होतील. पण गल्लीला मिळून सूट दिली तर जमेल, मग शेजारीच एकमेकांचे डबे बघतील. याला माझा पाठिंबा, लिहून घ्या.

सुदामानगर_वहिनी

गल्लीला मिळून नको हो काका. एका घराने नाही केलं की दहा बायका त्या एका सुनेला बोलणार. घरामागेच ठेवा.

अर्थशास्त्र_शिकतेय

सगळ्यांचे खूप आभार. दोन्ही पर्याय ठेवते, लोक काय निवडतात बघू. आता मुख्य प्रश्न असा केलाय:

"समजा गाडी रोज ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आतच येईल, संध्याकाळी एक फेरी जास्त होईल, आणि दर तीन महिन्यांनी वॉर्डात जमाखर्च लावला जाईल. ह्यासाठी आत्ताच्या शुल्कावर महिन्याला अमुक रुपये जास्त लागतील. ते घरातल्या दुसऱ्या खर्चातून काढावे लागतील. तुमचं मत हो की नाही?"

त्याच्या आधी: घरात चुली किती, मालक की भाडेकरू, गाडीला डबा कोण देतं, बिल कोण भरतं, २०१६ च्या आधी इंदूरला होता का, आत्ता किती देता ते माहीत आहे का. नंतर: नाही म्हटलं तर का, आणि वेगळं करायला रोज किती वेळ जातो. सफाईमित्रांसाठीचा प्रश्न स्वतंत्र ठेवलाय. दार उघडेल त्याच्याशी बोलून झालं की डबा देणाऱ्याला वेगळं विचारायचं, म्हणून आम्ही दोघी मैत्रिणी जोडीने फिरणार आहोत.

रामबागकर

विल्हेवाटीचा प्रश्न राहिला. गाडी वेळेवर येण्यातच सगळं अडकलंय परत.

अर्थशास्त्र_शिकतेय

हो काका, घालते. "तुमच्या गल्लीत काहीच बदल होणार नाही, फक्त शहराबाहेर नेलेल्या कचऱ्याची प्रक्रिया पूर्ण होईल, त्याचे अमुक रुपये द्याल का", असं चालेल?

रामबागकर

चालेल. हाच सगळ्यात आधी विचार, लोक ताजे असताना.

पलासियाकर

भंवरकुआंच्या खोल्यांसाठी हिंदी प्रत लागेल, मराठी कोणाला वाचता येणार नाही तिथे. मी भाषांतर करून देतो, शनिवारपर्यंत. लोकमान्यनगरला कोणी ओळखीचं आहे का, तिथे मराठी प्रती द्यायच्या आहेत.

लोकमान्यनगर_सी_लाइन

मी आहे. प्रती माझ्याकडे पाठवा, पण मुलींना सकाळी सात ते आठ पाठवू नका, तेव्हा सगळे गाडीची वाट बघत असतात. अकरानंतर या, दुपारी बायका मोकळ्या असतात.